हॅकेथॉनची टीम जमते कशी, आणि मुळात कधी

मागच्या पावसाळ्यात राजारामपुरीत चहाच्या टपरीवर एक पोरगा भेटला, गारगोटीकडचा, डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंगला आलेला. आमच्या शेजारच्यांचा भाचा, त्यामुळं मला दादा म्हणतो. म्हणाला, "दादा, कॉलेजात हॅकेथॉन लागलंय, नाव द्यायचंय, पण नोटीस लागली त्याच दिवशी बघतोय तर सगळ्यांच्या टीम झालेल्याच. मला कळंना, ह्या टीम होतात कधी?"

मला तो प्रश्न एकदम पटला, कारण बाकी सगळे विचारतात टीम करायची कशी, ह्यानं विचारलं कधी, आणि खरी मेख तिथंच आहे. मी कोल्हापुरातच सॉफ्टवेअरचं काम करतो आणि गेली काही वर्षं इथल्या हॅकेथॉनना मेंटॉर म्हणून जातो, म्हणजे रात्रभर टेबला-टेबलावर फिरायचं आणि पोरं कुठं अडलीत ते बघायचं. त्यात एक गोष्ट सारखी दिसत आलीय, की टीम बुडते ती बहुतेक वेळा कोडमुळं नाही, ती जमली तेव्हाच काहीतरी बोलायचं राहून गेलेलं असतं. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हॅकेथॉन म्हणजे ठरलेल्या तासांत, साधारण २४ ते ३६, एका जागी बसून एखादं चालणारं सॉफ्टवेअर किंवा यंत्र करून दाखवायची स्पर्धा. हॅक म्हटलं की लोकांना बँक अकाउंटची चोरी आठवते, इथं तसलं काही नाही, हॅक म्हणजे जुगाड करून पटकन काहीतरी चालू करणं. हॅकेथॉन हा शब्द १९९९ चा. ओपनबीएसडी नावाची एक फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम आहे, तिच्यावर काम करणारे दहा जण त्या वर्षी जूनमध्ये कॅनडातल्या कॅलगरी गावात एकत्र बसले आणि त्या बैठकीला त्यांनी हॅकेथॉन म्हटलं, आणि त्याच महिन्यात सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनं पण आपल्या परिषदेत हाच शब्द वापरून कार्यक्रम घेतला. कॅलगरीवाल्यांना टीम शोधायचा प्रश्नच नव्हता, ते आधीपासून एकाच प्रोजेक्टवर काम करणारे. अनोळखी माणसांतनं टीम करायची भानगड नंतर आली, हॅकेथॉन कॉलेजांत शिरली तेव्हा.

आपल्याकडं सगळ्यात जास्त पोरं जिथं उतरतात ती स्मार्ट इंडिया हॅकेथॉन, २०१७ पासून सुरू आहे, केंद्राचं शिक्षण खातं आणि एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद, मिळून घेतात. तिची सॉफ्टवेअरची फायनल ३६ तासांची. टीम सहा जणांची, सगळे एकाच कॉलेजचे पाहिजेत, शाखा वेगळी चालते, आणि सहात किमान एक मुलगी असावीच लागते. फायनलच्या आधी कॉलेजात अंतर्गत फेरी होते, त्यातनं निवडून पुढं नावं जातात. आता ह्या नियमांतच त्या पोराचं उत्तर आहे बघा. टीमचीच नोंदणी होते, एकट्याची होत नाही. म्हणजे फॉर्म भरायच्या आधीच सहा नावं लागतात, म्हणजे टीम हॉलमध्ये होत नाही, ती हॉस्टेलच्या रूमवर, मेसच्या टेबलावर, बसच्या मागच्या सीटवर नोटिशीच्या पण आधी झालेली असते. नोटीस ही फक्त शिक्का मारायला.

सगळीकडं असं नसतं. स्टार्टअप वीकेंड नावाचा एक प्रकार आहे, २००७ मध्ये अमेरिकेतल्या बोल्डरमध्ये सुरू झाला, ५४ तासांचा, तिथं माणूस एकटा येऊ शकतो. शुक्रवारी संध्याकाळी ज्याला वाटेल त्यानं उभं राहून एका मिनिटात आपली आयडिया सांगायची, लोक मतं देतात, ज्या आयडिया वर येतात त्यांच्याभोवती माणसं गोळा होतात आणि तिथंच टीम बनते. म्हणजे आधी आयडिया, मग माणसं. आपल्याकडं उलट, आधी माणसं मग आयडिया. आणि तिसरा एक प्रकार आहे, तो हॅकेथॉन नाही पण पोरं गल्लत करतात म्हणून सांगतो, आयसीपीसी ही कोडिंगची स्पर्धा. तिथं तीन जण, पाच तास आणि तिघांत मिळून कॉम्प्युटर एकच. एकच कीबोर्ड म्हटल्यावर तिथली टीम जमवायचा हिशोबच वेगळा, कोण टाइप करणार आणि कोण कागदावर विचार करणार हे महिनोन्‌महिने सराव करून ठरतं. आयसीपीसीला चाललेली टीम जशीच्या तशी हॅकेथॉनला आणली की ती अडखळते हे मी बघितलंय, तिघंही गणितात वाघ पण परीक्षकांसमोर दाखवायला स्क्रीनच तयार नाही.

आता आपल्याकडच्या प्रकाराकडं येऊ, जिथं ओळखीवर टीम होते. ओळख होते कुठं? जरा बारकाईनं बघा, इंजिनिअरिंगला प्रॅक्टिकलच्या बॅच रोल नंबरनं पडतात, पहिले वीस एका बॅचला, पुढचे वीस दुसऱ्या. आठवड्यातनं तीनदा तीच पोरं एका टेबलावर, एकमेकांच्या फायली उतरवणार, मग हॅकेथॉन आलं की तीच टीम. म्हणजे चार वर्षं कुणाबरोबर काम करायचं हे आडनावाच्या पहिल्या अक्षरावर ठरतं! डायरेक्ट सेकंड इयरवाल्यांचे रोल नंबर बऱ्याच ठिकाणी शेवटी लावतात, म्हणून ती पोरं आपापल्यातच राहतात. माझ्या त्या गारगोटीच्या पोराला कुणी मुद्दाम बाहेर ठेवलं नव्हतं, त्याचा रोल नंबरच शेवटचा होता.

ह्यावर अभ्यास झालेला आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं की नोकरीची बातमी तुम्हाला कुणाकडनं कळली, आणि १९७३ मध्ये त्यानं जे मांडलं ते थोडक्यात असं, की बातमी जिगरी दोस्ताकडनं क्वचित येते, ती जास्त करून लांबच्या, कधीमधी भेटणाऱ्या ओळखीच्या माणसाकडनं येते. कारण सरळ आहे, जिगरी दोस्ताला जे माहीत असतं ते तुम्हाला आधीच माहीत असतं, तुमचं वर्तुळ एकच. टीमचं तसंच. रूममेटनं जे यूट्यूब चॅनल बघून वेब डेव्हलपमेंट शिकली तेच चॅनल तुम्ही बघितलेलं असतंय, मग सहाच्या सहा जणांना एकच गोष्ट येते आणि एकच गोष्ट येत नाही.

२००५ मध्ये रोजर गिमेरा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सायन्स ह्या नियतकालिकात अजून एक गोष्ट दाखवली, त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरची संगीत नाटकं करणारे संघ आणि शास्त्रज्ञांचे संघ असे दोन्ही तपासले. त्यातनं आपल्याला घेण्यासारखं एवढंच, की टीममध्ये मुरलेली माणसं असलेली चांगली, पण त्याच त्या जोड्या परत परत एकत्र आल्या की काम फिकं पडत जातं. म्हणजे सीनियर घ्या, पण मागच्या वर्षीची आख्खी टीम तशीच उचलून आणू नका, एखाद-दुसरा नवा घाला.

मग मित्रांची टीम वाईट का? अजिबात नाही. २०१० मध्ये न्यूयॉर्कला टेकक्रंच डिसरप्टच्या हॅकेथॉनमध्ये जॅरेड हेक्ट आणि स्टीव्ह मार्टोची ह्या दोघा दोस्तांनी रात्रभरात ग्रुपमी नावाचं ग्रुप मेसेजिंगचं अ‍ॅप केलं आणि पुढच्याच वर्षी स्काईपनं ते विकत घेतलं. दोघंच, आणि एकमेकांना नीट ओळखणारे. ओळखीचा मोठा फायदा असा की रात्री तीनला समोरचा गप्प झाला तर तो रुसलाय का दमलाय हे कळतं, अनोळखी माणसाच्या बाबतीत ते कळत नाही आणि भांडणं तिथनंच सुरू होतात. फक्त एकच अट, दोस्ती असली तरी कामं वेगवेगळी येणारी पाहिजेत.

कामं वेगवेगळी म्हणजे काय, हे सांगायला मला गुऱ्हाळाइतकं चांगलं उदाहरण सापडत नाही. पन्हाळ्याच्या बाजूला किंवा कागलकडं सीझनमध्ये चालू गुऱ्हाळावर अर्धा तास उभं रहा. एक जण घाण्यात ऊस सारतोय, एक जण चुलवाणात चिपाडं घालतोय, आणि काहिलीशेजारी, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईशेजारी, गुळव्या उभा आहे, त्याचं सगळं लक्ष रसाच्या उकळीकडं. भेंडीचं पाणी कधी टाकायचं, मळी कधी काढायची, हे तो ठरवतो, आणि शेवटी पाक थेंबभर गार पाण्यात सोडून बोटांत त्याची गोळी वळते का बघतो, वळली की "उतरा" म्हणतो, तिथं पाच मिनिटं इकडं-तिकडं झाली तर आख्खी काहील वाया. आता गुळव्या मोठा खरा, पण चुलवाणापाशी जो बसलाय त्यानं जाळ एकसारखा ठेवला नाही तर गुळव्या काय करणार? पाच गुळवे जमले आणि चिपाडं घालायला कुणीच नाही अशी अवस्था मी हॅकेथॉनमध्ये दर वर्षी बघतो. सगळ्यांना मशीन लर्निंगचं मॉडेल करायचंय, लॉगिनचा पेज कुणालाच करायचा नाही, डेटा साफ करायला कुणीच तयार नाही, आणि परीक्षकांसमोर चार मिनिटांत सगळं सांगायचं तर ते शेवटच्या तासात बघू म्हणतात.

साधारण सहा जणांच्या टीमला लागतं ते असं: स्क्रीनवर जे दिसतं ते करणारा, मागं सर्व्हर आणि डेटाबेस सांभाळणारा, ज्या विषयावर काम चाललंय तो विषय प्रत्यक्ष जगलेला माणूस, डिझाइनची जाण असलेला, बोलता येणारा, आणि घड्याळाकडं बघणारा. एका माणसात ह्यातली दोन-तीन कामं असू शकतात. पण घड्याळाकडं बघणारा पाहिजेच, जो पहाटे पाचला म्हणेल की आता नवीन फीचर बंद, जे आहे ते चालतं करा. आणि विषय जगलेला माणूस तर सगळ्यात जास्त दुर्लक्षित, त्याचं पुढं सांगतो.

त्याआधी किती जण हा मुद्दा. पोरांना वाटतं जास्त हात म्हणजे जास्त काम. फ्रेड ब्रुक्स नावाच्या कॉम्प्युटर शास्त्रज्ञानं १९७५ मध्येच लिहून ठेवलंय, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर अजून माणसं घातली की तो अजून उशिरा होतो. कारण माणसं वाढली की त्यांच्यातली बोलणी वाढतात, आणि ती दामदुप्पट वेगानं वाढतात. तिघं असतील तर तीन जोड्या, चौघं असतील तर सहा, सहा जण असतील तर पंधरा, आणि दहा जण असतील तर पंचेचाळीस. प्रत्येक जोडीत एखादा गैरसमज धरला तरी बघा काय होतं. मॅक्सिमिलियाँ रिंगेलमान हा फ्रेंच शेतकी इंजिनिअर, त्यानं माणसांना दोर ओढायला लावून मोजलं होतं, १९१३ मध्ये ते छापून आलं, की दोराला माणसं वाढतील तसा एकेका माणसाचा जोर कमी कमी होत जातो. रस्सीखेच खेळलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, मागं उभे असलेले दोघं नुसता दोर धरून असतात. म्हणून नियमानं सहा भरावेच लागत असतील तर भरा, पण आत कामाचे दोन-दोन जणांचे तुकडे पाडा, म्हणजे पंधरा जोड्यांऐवजी तीन जोड्या सतत बोलतात आणि बाकीचे जेवताना.

आता जरा अवघड गोष्ट, पण मजा आहे त्यात. पोरं मला विचारतात की सर, सगळ्यांची आवड-निवड कॉम्प्युटरमध्ये घालून बरोबर टीम पाडून देणारं काहीतरी करता येत नाही का? म्हणजे कुणाची तक्रारच राहणार नाही अशी. ह्या प्रश्नावर डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली ह्या दोन गणितज्ञांनी १९६२ मध्ये, म्हणजे आपलं शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं त्याच साली, एक फार सुंदर गोष्ट दाखवली. जर दोन वेगवेगळे गट असतील, समजा एकीकडं पोरं आणि दुसरीकडं कॉलेजं, आणि प्रत्येकानं आपली पसंतीची यादी दिली, तर अशी जोडणी कायम करता येते की कुठलाही पोरगा आणि कुठलंही कॉलेज "आपण दोघं आत्ता मिळालेलं सोडून एकमेकांकडं जाऊ" असं म्हणणार नाहीत. ह्याच धाग्याच्या कामासाठी शॅप्लीला आल्विन रॉथबरोबर २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण एकाच गटातनं जोड्या लावायच्या असतील तर ही हमी जाते. चौघं घ्या, अ, ब, क, ड, आणि दोन-दोनच्या दोन जोड्या करायच्यात. अ ला सगळ्यात जास्त ब आवडतो, मग क. ब ला सगळ्यात जास्त क, मग अ. क ला सगळ्यात जास्त अ, मग ब. आणि ड तिघांच्याही यादीत शेवटी. आता लावा जोड्या. अ-ब आणि क-ड लावली, तर ड बरोबर अडकलेला क जाऊन ब ला म्हणतो ये की माझ्याकडं, आणि ब ला क जास्तच आवडतो, तो जातो. मग ब-क आणि अ-ड झालं, आता अ जाऊन क ला हाक मारतो, क ला तर अ पहिलाच, तो उठला. मग अ-क आणि ब-ड, आता ब अ ला बोलावतो आणि परत अ-ब वर आलो, गाडी गोल गोल फिरत राहणार. कसंही लावा, कोणतरी फुटणारच. कागदावर करून बघा, दोन मिनिटं लागतात.

हॅकेथॉनच्या टीम ह्या दुसऱ्या प्रकारातल्या, एकाच गटातनं माणसं निवडायची. म्हणून नोंदणीच्या आधीच्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर जी पळवापळवी चालते, "तो आमच्यात येणार होता, काल रात्री त्यांच्यात गेला", त्यात दर वेळी कुणी दगाबाज असतो असं नाही, गणितच तसं आहे. हे पोरांना सांगितलं की त्यांचा राग निम्मा उतरतो असा माझा अनुभव आहे. आणि त्या ड कडं पण नीट बघा. तो वाईट आहे असं कुठं म्हटलंय? तो फक्त सगळ्यांच्या यादीत शेवटी आहे, आणि बऱ्याचदा कारण इतकंच की त्याला कुणी ओळखत नाही.

पण ओळख, कौशल्य, संख्या हे सगळं जमवलं तरी एक गोष्ट राहतेच, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी. तुम्ही इथं कशासाठी आलाय? एकाला जिंकायचंच असतं. एकाला नवीन काहीतरी शिकायचं असतं, भले हरू दे. एकाला बायोडेटावर ओळ पाहिजे असते. एकाला दोस्तांबरोबर एक रात्र जागायची असते, आणि त्यात पण काही चूक नाही. चूक होते ती हे न सांगण्यात. जिंकायला आलेला म्हणतो की मला रिअ‍ॅक्ट येतं, मी तेच वापरणार, पटकन होईल, शिकायला आलेला म्हणतो मला फ्लटर करून बघायचंय (ही दोन्ही स्क्रीन बनवायची वेगवेगळी साधनं), आणि दोघंही बरोबरच असतात, पण एका टेबलावर नाही. रात्री दोनला ह्याच्यावरनं वाद पेटतो आणि लोक म्हणतात स्वभाव जमले नाहीत. स्वभावाचा काय संबंध, कशासाठी आलोय हे आधी कुणी विचारलंच नव्हतं.

ह्याच्यातलीच एक गोष्ट मला फार लागते. तो मुलीचा नियम. नियम चांगलाच आहे, त्यामुळं कितीतरी पोरी आल्या, नाहीतर आल्या नसत्या. पण पोरं पाच जण जमतात, सगळं ठरवतात, आणि शेवटी "एक मुलगी बघा रे कुणीतरी" असं म्हणून सहावं नाव भरतात. एका वर्षी, कॉलेजचं नाव राहू दे, मी एका टेबलावर गेलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले असतील. टीम पुराची सूचना देणारं अ‍ॅप करत होती. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण सगळ्यांनी बघितलाय, त्यामुळं दर वर्षी दोन-तीन टीम तरी हा विषय घेतातच. राजाराम बंधाऱ्याची पंचगंगेची पातळी घ्यायची, ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका, मेसेज पाठवायचा. पाच पोरं लॅपटॉपवर वाकलेली, आणि सहावी मुलगी टेबलाच्या टोकाला पीपीटीत रंग भरत बसलेली. मी सहज विचारलं, तू कुठली? म्हणाली, "चिखलीची, सर." चिखली म्हणजे पुराचं पाणी पहिलं जिथं शिरतं त्यातलं गाव.

मी म्हटलं, मग ह्यांचं अ‍ॅप बघितलंस का? तिनं एकदा त्या पोरांकडं बघितलं आणि म्हणाली, "बघितलो सर. पण ४३ ला मेसेज येऊन उपयोग नाही. तवर आम्ही कोण थांबत नाही. माणसं रात्रीत पण निघतात, म्हशी निघत नाहीत. म्हशी हलवायला ट्रॉली लागतीय, वैरण लागतीय, पावण्यांच्यात जागा लागतीय. आम्हाला दोन दिवस आधी कळायला पाहिजे, पाणी वाढायचा वेग काय आहे ते. फूट किती झालं हे नको."

टेबल गप्प झालं. मग ज्याच्याकडं सर्व्हरचं काम होतं त्यानं विचारलं, "मग तू आधी का नाही बोललीस?" ती म्हणाली, "मला विचारलंच कुठं? मला म्हटलं तू पीपीटी कर." पुढचा एक तास त्यांनी तिला मधे बसवून सगळं परत मांडलं, किती तासांत किती इंच चढलं तर कुठली सूचना, जनावरांसाठी वेगळी, माणसांसाठी वेगळी, आणि पीपीटी एका पोरानं घेतली. त्यांचा नंबर आला नाही, वेळच पुरला नाही, अकरा तास आधीच गेलेले. तीच मुलगी पहिल्या दिवशी सकाळी मधे बसली असती तर, असं मला आजही वाटतं. तिच्याकडं जे होतं ते बाकी पाचांपैकी कुणाला कुठल्याच कोर्समध्ये मिळणार नव्हतं.

म्हणून टीम ठरवताना एकत्र बसून एक अर्धा तास द्या, मोबाईल बाजूला ठेवून. प्रत्येकानं सांगायचं की मी कशासाठी आलोय. मला हातानं काय करता येतं, म्हणजे ऐकीव नाही, करून ठेवलेलं. मला शिकायचं काय आहे. आणि मला किती वेळ आहे, ह्यात लाजायचं नाही. आपल्याकडं हा वेळेचा प्रश्न मोठा आहे, कुणाला मध्यवर्ती बसस्थानकावरनं शेवटची एसटी पकडायची असते, मुलींच्या हॉस्टेलचं गेट ठरलेल्या वेळेला बंद होतं, कुणाच्या घरी पहाटे धार काढायला दुसरं कोणी नाही. हे आधी कळलं तर काम तसं वाटता येतं, घरी जाणाऱ्यानं संध्याकाळपर्यंत डिझाइन संपवायचं, थांबणाऱ्यांनी रात्री जोडायचं. आयत्या वेळी कळलं की मग तो माणूस पळपुटा ठरतो, जो तो नसतोच.

त्याच बैठकीत अजून दोन गोष्टी उरका. कोड कुणाच्या गिटहब, म्हणजे कोड ऑनलाइन ठेवायच्या साईटच्या, अकाउंटवर राहणार, आणि बक्षीस मिळालं तर वाटणी कशी. मी सरळ सांगतो, समान वाटा, ज्यानं पीपीटी केली त्याला पण तेवढाच. मिळायच्या आधी हे ठरवायला पाच मिनिटं लागतात, मिळाल्यावर ठरवायला गेलात तर सहा महिने एकमेकांशी बोलत नाहीत अशी उदाहरणं माझ्या डोळ्यासमोर आहेत. आणि आयडिया कुणाची हे धरून बसू नका. जिथं उभं राहून आयडिया सांगायची पद्धत असते तिथं एका आयडियाभोवती दहा जण जमतात आणि दुसरीकडं एकटा पोरगा उभा राहतो. त्या एकट्यानं आपली आयडिया खिशात ठेवून दुसऱ्याच्या टेबलावर जावं, जिथं गर्दी कमी आहे तिथं, कारण दहा जणांच्यात काम मिळत नाही, नुसतं बघायला मिळतं.

आता त्या गारगोटीच्या पोराचं. टपरीवर बसूनच त्यानं मोबाईलवर मेसेज लिहिला होता, वर्गाच्या ग्रुपवर टाकायला: "मी हार्डवर्किंग आहे, सी, पायथन, जावा येतं, टीममध्ये घ्या." मी म्हटलं, असले चाळीस मेसेज पडलेले असतील, ह्यात तू कुठं आहेस? तुझ्या हातनं काहीतरी चालू झालेलं सांग. बराच वेळ तो नाही नाही म्हणत होता, मग म्हणाला की डिप्लोमाला असताना घरच्या विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर मोबाईलवरनं चालू करायचं सर्किट त्यानं स्वतः जोडलंय, रात्रीची लाईट असली की वडलांना रानात जायला लागू नये म्हणून. हे तो मेसेजमध्ये लिहीत नव्हता, कारण त्याला ते कॉलेजातलं वाटत नव्हतं!

मग आम्ही तीन ओळी केल्या. "घरच्या मोटरीचा मोबाईल स्टार्टर मी जोडलाय, वायरिंग आणि सेन्सर येतात. वेब शिकायचंय, अजून येत नाही. रात्रभर थांबू शकतो." आणि वर्गाच्या ग्रुपवर न टाकता त्याला म्हटलं, मेकॅनिकलच्या, ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्सच्या), सीनियरच्या, जिथं तुझी नुसती तोंडओळख आहे अशा सगळ्या ग्रुपवर टाक.

दोन दिवस काहीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी रात्री त्यानं मला स्क्रीनशॉट पाठवला. थर्ड इयरच्या एका मुलीचा मेसेज होता, जिला तो फक्त लायब्ररीत बघून ओळखत होता.

"मोटरीचं अजून चालतंय काय?"

"हो, दोन वर्षं झाली."

"मग उद्या दुपारी कॅन्टीनला ये. आम्ही पाच जण आहोत, सगळे कोडवालेच."